पाचवी वाटी

खेडच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत दीपालीची खाणावळ आहे. बाहेर पाटी अशी नाही. नवख्या माणसाने विचारलं तर कोपऱ्यावरचा पानवाला हात करून सांगायचा, वहिनींकडे जा, पण पाण्याची बाटली बरोबर घेऊन जा; आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसायचा. पूर्वी तो नुसतं वहिनींकडे जा, एवढंच सांगत असे.

दीपाली मूळची आंजर्ल्याची. लग्न होऊन खेडला आली तेव्हा नवरा अनिल मुंबईत एका गोडाऊनवर नोकरीला होता आणि अजूनही तिथेच आहे. गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मधे कधी दोन दिवस. मुलगी ईशा शाळेत जायला लागली तसे दीपालीने चार डबे करायला घेतले, आणि डब्यांची पुढे खाणावळ झाली. माहेर समुद्राकाठचं, त्यामुळे माशांना तिचा हात होता. तिरफळं घातलेलं तिचं बांगड्याचं तिखलं खायला चिपळूणला निघालेली माणसं गाडी वळवून येत. मदतीला जनीमावशी. साठीची, आतल्या गावातली, सकाळच्या पहिल्या गाडीने येऊन दिवसभर भाकऱ्या थापणारी आणि कामाच्या शब्दापलीकडे फारसं न बोलणारी.

तीन वर्षांपूर्वीच्या साथीत दीपालीला ताप आला. चार दिवसांनी ताप उतरला, पंधरा दिवसांनी खोकला थांबला, पण वास गेला तो आलाच नाही. सुरुवातीला तिने मनावर घेतलं नाही. सगळ्यांचाच जात होता आणि सगळ्यांचाच परत येत होता. अनिलचा आठवड्यात आला. दीपाली रोज सकाळी लसणाची पाकळी चेचून नाकाशी धरायची. भिंतीला नाक लावावं तसं वाटायचं. जिभेवर मीठ कळत होतं, आमसुलाचं आंबट कळत होतं, गूळ कळत होता. पण बांगडा आणि बटाटा यांच्यात फरक उरला नव्हता. भाताचा घास तोंडात घेतला की ओला कापूस चघळल्यासारखं व्हायचं. दोन महिन्यांत तिच्या ब्लाउजांना आतून शिवण मारावी लागली. अनिल रोज फोनवर विचारायचा, वास आला का. एक दिवस ती म्हणाली, आला.

असं का म्हणाली, ते तिला नीट ठाऊक होतं. खाणावळ सात महिने बंद होती आणि पुन्हा उघडून जेमतेम आठवडा झाला होता. रांधणारीला वास येत नाही हे गल्लीत कळलं असतं तर तिच्या पानावर कोण बसलं असतं? अनिलला सांगितलं असतं तर त्याने काळजीने बहिणीला सांगितलं असतं, आणि नणंदेच्या कानी गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत बाजारात पोचत असे. म्हणून ती आला म्हणाली. एकदा म्हटल्यावर ते मागे घेता येईना.

मग तिने डोळ्यांनी आणि कानांनी रांधायला सुरुवात केली. कांदा किती भाजला हे रंगावरून, फोडणी कधी करपायला लागेल हे आवाजावरून. मासळीवालीकडे कल्ले उघडून बघायचे, अंगठ्याने दाबायचं, दाबलेलं वर येतं का पाहायचं. दूध उकळवूनच घ्यायचं. मसाल्याचं माप हातात होतंच. पण माप म्हणजे चव नव्हे. चव घेता घेता जे शेवटचं काहीतरी घालायचं असतं, चिमूटभर हे, थेंबभर ते, ते आता तिला घालता येत नव्हतं. ईशाला ती सारखी विचारी, कसं झालंय. ईशा मोबाइलमधून मान न काढता म्हणे, मस्त.

एका दुपारी सगळे जेवून गेल्यावर ती ताट घेऊन बसली होती. खायची इच्छा नव्हती. ताटाच्या कडेला पडलेली लवंगी मिरची तिने उचलली आणि देठापर्यंत चावली. जिभेपासून कानापर्यंत जाळ गेला. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं, कपाळाला घाम फुटला, आणि दीपालीला इतकं बरं वाटलं की ती एकटीच हसायला लागली. कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडात काहीतरी घडलं होतं. तिने दुसरी मिरची घेतली. जनीमावशी परातीत पीठ मळत होती. तिने एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा पिठात हात घातले.

त्या दिवसापासून दीपाली तिखटावर जेवायला लागली. आधी दोन मिरच्या, मग चार. मग ठेचा, नुसता, चमच्याने. महिना-दोन महिन्यांत लवंगीचं काही वाटेनासं झालं तेव्हा तिने नागपूरकडची मिरची मागवली, पुढे आसामातली ती गोंडेदार बुटकी मिरची, जिला हात लावल्यावर दिवसभर डोळा चोळायची सोय नसते. तिखट तिला लागत नव्हतं असं नव्हे. तेवढंच लागत होतं. आणि जे तिच्या ताटात येत होतं ते हळूहळू पातेल्यातही उतरलं. मुद्दाम नव्हे. रश्शाची चव घेताना जोवर जिभेला काही जाणवत नाही तोवर तिचा हात थांबत नसे, आणि जाणवायला लागायचं ते लोकांच्या डोळ्यांतून पाणी काढण्याइतकं.

गिऱ्हाईक बदललं. बँकेतले दोघे यायचे बंद झाले. माशांसाठी चिपळूणच्या वाटेवरून वळणाऱ्या गाड्या वळेनाशा झाल्या. त्यांच्या जागी जवळच्या कारखान्यांतली तरणी पोरं यायला लागली. त्यांच्यातला समर्थ नावाचा एक जण मोबाइलवर जेवणाचे व्हिडिओ करी. त्याने लालबुंद चेहऱ्याने, हुंदके देत, दीपालीकडची कोंबडी खातानाचा व्हिडिओ टाकला आणि तो लाखभर लोकांनी पाहिला. मग गुहागर, महाडपर्यंतची मुलं पैजा लावून यायला लागली. सहाही टेबलं भरलेली असायची. लोक तोंडं भाजून घेऊन हात जोडून जायचे. दीपाली हसून निरोप द्यायची आणि आत येऊन पातेल्यात बघत उभी राहायची.

ज्यांचं येणं थांबलं त्यांत एकाचं तिला फार लागलं. भागोजीकाका. एसटीत सव्वीस वर्षं ड्रायव्हर होते. बायको गेल्यापासून दुपारचं जेवण दीपालीकडेच. कमी बोलणारा माणूस, पण पान वाढलं की पहिला घास घेऊन क्षणभर डोळे मिटायचे, आणि त्या क्षणावरून दीपाली आजचं जेवण कसं झालंय ते ओळखायची. वर्षापूर्वी ते यायचे बंद झाले. वयामुळे डॉक्टरांनी तिखट वर्ज्य केलं असेल, असं ती धरून चालली. विचारायला मात्र गेली नाही.

या वर्षी मे महिन्यात जगबुडी नदीकाठच्या मैदानावर एका मंडळाने तीन दिवसांचा खाद्यमहोत्सव भरवला. शेवटच्या दिवशी तिखट खाण्याची स्पर्धा होती. ईशाने आईला न विचारता तिचं नाव दिलं. घरी येऊन म्हणाली, तुझ्यापुढे कोण टिकणार आहे, नुसती जाऊन बस. मुलीच्या तोंडावर इतकं कौतुक दीपालीने बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिला नाही म्हणवलं नाही.

मैदानावर गेल्यावर तिला पहिले दिसले ते भागोजीकाका. पांढरा शर्ट, छातीवर चौदा नंबरचा बिल्ला. म्हणजे तिखट वर्ज्य वगैरे काही नव्हतं. काकांनी तिला पाहून नमस्कार केला आणि जरा ओशाळल्यासारखे दुसरीकडे बघायला लागले. हा माणूस तिखट खात होता, फक्त तिच्याकडचं खात नव्हता.

स्पर्धा तीनला सुरू व्हायची होती. प्रमुख पाहुणे आले सव्वासहाला. तोवर मांडवात पत्र्याखाली माणसं शिजत होती आणि मागच्या बाजूला सकाळीच करून ठेवलेली पातेली झाकणाखाली उबत होती. वीस जण मंचावर दोन लांब टेबलांशी समोरासमोर बसले. एकूण वाट्या पाच. पाणी, ताक, दूध, साखर काही मिळणार नाही. पाच मिनिटांत वाटी रिकामी करायची आणि पुढची पाच मिनिटं जागेवरून हलायचं नाही.

पहिल्या वाटीत ठेचा होता. तिथे सहा जण उठले. दुसऱ्या वाटीत काळ्या वाटाण्याचा लाल रस्सा, तिसऱ्या वाटीत मिरच्यांचीच भाजी. तिथे एकाला उलटी झाली आणि त्याच्या बायकोने मंडळाच्या माणसाला धारेवर धरलं. चौथ्या वाटीत आसामी मिरचीची चटणी, फक्त दोन चमचे. ती संपेपर्यंत तिघेच उरले होते: दीपाली, भागोजीकाका आणि व्हिडिओवाला समर्थ. समर्थला उचकी लागली ती थांबेना. तो हात वर करून उठला आणि थेट पाण्याच्या पिंपाकडे पळाला.

दीपालीच्या ओठांना ठणका लागला होता, कानांत शीळ वाजत होती, पण आतून ती शांत होती. समोर काका घामाने भिजलेले. ईशा पहिल्या रांगेत मैत्रिणींच्या घोळक्यात उभी राहून आईच्या नावाने टाळ्यांचा ताल धरून होती.

पाचवी वाटी आली. कोंबडीचा रस्सा, वर तेलाचा काळपट तवंग.

काकांनी वाटी तोंडाजवळ नेली आणि मधेच थांबले. पुन्हा नाकाशी नेली. मग ती खाली ठेवून त्यांनी मंडळाच्या माणसाला बोलावलं आणि काहीतरी सांगितलं. तो माणूस हसला, खांदे उडवून निघून गेला. काका टेबलावर पुढे वाकले.

"वहिनी, खाऊ नका. कोंबडी उतरलीय."

दीपालीने आपली वाटी उचलली आणि हुंगली. काही नाही. पुन्हा हुंगली. लालभडक रस्सा, त्यात कोंबडीचा एक तुकडा, वर तवंग. डोळ्यांना काहीच सांगता येत नव्हतं. मिरचीने भाजलेल्या जिभेलाही सांगता आलं नसतं.

एवढ्यात निवेदकाने प्रकार हेरला. माइक घेऊन तो टेबलाशी आला आणि लोकांना सांगायला लागला की काका म्हणतात रश्शाला वास येतोय. लोक हसले. मग तो दीपालीकडे वळला.

"वहिनी, तुम्ही तर स्वयंपाकातल्या. तुम्हीच सांगा, रस्सा उतरलाय की काका?"

हशा पिकला. माइक दीपालीच्या तोंडासमोर होता. सगळं मैदान तिच्याकडे बघत होतं, ईशा बघत होती, काका बघत होते. तिचा काकांवर अविश्वास नव्हता. सव्वीस वर्षं ज्याने डेपोतल्या उपाहारगृहांतलं खाल्लं तो माणूस उगीच वाटी खाली ठेवणार नाही, हे तिला कळत होतं. पण तसं म्हटलं तर पुढचा प्रश्न येणार होता, मग तुम्हाला वास आला नाही का? आणि आला म्हणावं, तर त्याआधी ती दोनदा हुंगून गप्प राहिली होती, ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तिला दुसरं काही सुचलं नाही.

"मला तर चांगला वाटतो," ती म्हणाली, आणि वाटी तोंडाला लावली.

तिने ती वाटी निपटून संपवली, पाच मिनिटं बसली, आणि जिंकली. टाळ्या, शिट्ट्या, फोटो. कुणीतरी काकांच्या पाठीवर थाप मारून म्हणालं, काका, हरलो म्हणायचं सरळ, वासाचं निमित्त कशाला. पायऱ्या उतरता उतरता त्यांनी एकदा वळून दीपालीकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग असता तर तिला सोसलं असतं. पण तिथे राग नव्हता. एखादं गणित सुटल्यावर माणूस पाहतो तसे ते पाहत होते. हातातला करंडक तिला एकदम जड झाला.

पहाटे उलट्या सुरू झाल्या. आठ वाजेपर्यंत तिला उभं राहता येईना. ईशाने रिक्षा आणली आणि तिला इस्पितळात नेलं. सलाइन लावलं. तेजस्वी नावाची तरुण डॉक्टर होती, शांतपणे एकेक विचारत होती. काय खाल्लं, किती वाजता, आणखी कुणाला त्रास झाला का. आणखी कुणी ते खाल्लंच नव्हतं. पातेल्यातला उरलेला रस्सा वास येतो म्हणून मंडळाने नंतर गुपचूप ओतून टाकल्याचं ईशाला मैत्रिणीकडून कळलं होतं.

"इतका वास येत होता, तर तुम्हाला कळलं कसं नाही?" डॉक्टरने विचारलं.

दीपालीने हातातल्या सुईकडे पाहिलं. अंगात खोटं बोलण्याइतकंही बळ उरलं नव्हतं. ती म्हणाली, मला वास येत नाही. तीन वर्षं झाली.

ईशा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. डॉक्टर निघून गेल्यावर ती उशाशी येऊन बसली आणि म्हणाली, "म्हणून तू रोज विचारायचीस, कसं झालंय."

दीपालीने मान हलवली. ईशाने तोंड फिरवलं. मग तिने नाक पुसलं, फोन काढला आणि बाहेर जाऊन वडिलांना सगळं सांगितलं. अनिल संध्याकाळच्या गाडीने निघाला. येऊन तो रागावला नाही, पण दोन दिवस तिच्याशी नेहमीपेक्षा हळू आवाजात बोलत राहिला आणि तेच तिला जास्त अवघड गेलं.

जनीमावशी दुसऱ्या दिवशी दुपारी पेज घेऊन आली. डबा उघडून तिने वाटीत पेज ओतली, चमचा दिला आणि खाली फरशीवर बसली. दीपालीने तिलाही सांगायला सुरुवात केली, पण मावशीने मधेच थांबवलं.

"मना ठाव हाय, वयनी. पयल्या वर्सापासना ठाव हाय."

दीपालीने चमचा वाटीत ठेवला. मावशी सांगायला लागली, नेहमीसारखंच, जमिनीकडे बघत. रोज सकाळी म्हावरं आलं की ते धुवायच्या आधी ती स्वतः हुंगत होती. खोबऱ्याच्या वाट्या फोडल्या की खवट बाजूला काढत होती. गॅसचं बटण जाताना दोनदा बघत होती. मागल्या साली टोपलीभर सौंदाळे मांजराने नेले म्हणून सांगितलं होतं, ते मांजराने नेले नव्हते. मावशीनेच परड्यात खड्डा करून पुरले होते. तिखटाचं तेवढं तिच्या हातात नव्हतं, कारण मसाला दीपाली स्वतः घालायची.

मग मला बोलली का नाहीस, असं दीपालीने विचारलं तेव्हा मावशीला जरा नवल वाटल्यासारखं दिसलं.

"तुमी दडवून ठेवलंत, तर मी कसा बोलू?" ती म्हणाली. "पेज निवतेय."

चौथ्या दिवशी दीपाली घरी आली आणि सहाव्या दिवशी ईशाला घेऊन नदीपलीकडे भागोजीकाकांकडे गेली. काका अंगणात चटईवर आमसुलं उलटवत बसले होते. बोटं जांभळी झाली होती. त्यांनी उठून खुर्ची आणली, आत जाऊन सरबत केलं. दीपालीने ग्लास हातातच ठेवला आणि सगळं सांगितलं: तापापासून पाचव्या वाटीपर्यंत. सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडलं, हेही सांगितलं. ती थांबल्यावर काकांनी दोन-चार आमसुलं आणखी उलटवली.

"मला वाटलं होतं तुम्ही पैसेवाल्या झालात," ते म्हणाले. "गर्दी वाढली, आता आमच्यासारख्यांसाठी कशाला निगुतीने करतील. म्हणून यायचा थांबलो. तिखटाचं मला काही नाही हो. पण तिखटाच्या मागे काही उरलंच नव्हतं." मग जरा वेळाने म्हणाले, "येऊन विचारायला पाहिजे होतं मी. वर्ष गेलं."

परतताना पुलावर दीपालीने ईशाला समर्थचा नंबर विचारला. त्याचा स्पर्धेचा व्हिडिओ गावभर फिरत होता, आणि त्यात काका वाटी खाली ठेवतात त्या जागी त्याने कोंबडा आरवल्याचा आवाज टाकला होता. काका बाजारात गेले की पोरं तसा आवाज काढत होती. दीपाली म्हणाली, तो आवाज टाकणाऱ्यानेच आता माझा एक व्हिडिओ करायचा. ईशाने तिला समजावून पाहिलं. काकांची माफी मागून झाली, डॉक्टरांना कळलं, घरात कळलं, एवढं पुरे आहे. जगाला सांगितलंस तर खाणावळीचं काय? दीपालीला ते सगळं दिसत होतं. तीन वर्षं तेवढंच तर ती बघत आली होती.

समर्थ दुसऱ्या दिवशी आला. खुर्चीवर बसवून त्याने तिला काय बोलायचं ते शिकवायला घेतलं, तर तिने त्याला फक्त मोबाइल धरायला सांगितलं. ती दोन मिनिटं बोलली. मला वास येत नाही, तापात गेला तो आला नाही. त्या दिवशी रस्सा उतरलेला होता, भागोजीकाका खरं बोलत होते, मी खोटं बोलले, आणि आजारी पडले. करंडक मी मंडळाला परत केलाय. माझ्याकडे जेवायला यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. माझ्याकडची प्रत्येक गोष्ट जनीमावशी हुंगून, चाखून मगच पानावर येईल. समर्थने जुना व्हिडिओ काढून टाकला. तसा तो वाईट मुलगा नव्हता. शरमून त्याने त्या दिवशी जेवणाचे पैसे दुप्पट द्यायला काढले आणि मावशीने ते परत त्याच्या खिशात कोंबले.

पहिले तीन आठवडे वाईट गेले. पैजेची पोरं आली नाहीत, कारण आता पैजेजोगं तिथे काही नव्हतं. जुनी माणसं बिचकून होती. एका दुपारी सहापैकी एकच टेबल लागलं आणि जनीमावशीने उरलेल्या भाकऱ्या पदरात बांधून गावाला नेल्या. नणंदेने फोन करून अनिलला सांगितलं की खाणावळ बंद करून दीपालीला मुंबईला घेऊन जा. अनिलने तो विषय दीपालीकडे काढला नाही. ते तिला ईशाकडूनच कळलं.

त्याच दिवसांत त्यांनी नवा मसाला केला. बेडगी जास्त, लवंगी नावापुरती. दीपाली भाजायला बसली, मावशी शेजारी. धणे भाजून झाले का हे दीपाली रंगावरून सांगायची आणि मावशी नाकाने. बहुतेक वेळा दोघींचं एकमत व्हायचं. दगडफुलाच्या वेळी झालं नाही. दीपाली म्हणाली झालं, मावशी म्हणाली अजून नाही. दीपाली चिडली, पुन्हा म्हणाली झालं. मावशीने न बोलता कढईतला झारा तिच्या हातातून घेतला आणि आणखी चार वेळा परतलं. इतक्या वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं. दीपालीने हात मांडीवर ठेवले आणि बघत राहिली. डोळे तेव्हा भरून आले ते मिरच्यांच्या खाटामुळे नव्हे, पण ठसका सगळ्यांनाच लागलेला असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

भागोजीकाका चौथ्या आठवड्यात आले, बरोबर डेपोतले दोन जुने ड्रायव्हर. पुढच्या आठवड्यात बँकेतल्या दोघांपैकी एक आला. टेबलं सगळी भरतात असं अजूनही नाही.

डॉक्टर तेजस्वीने वास परत येण्याची खात्री दिली नव्हती. फार दिवस झालेत, म्हणाली होती. पण सकाळ-संध्याकाळ चार ओळखीच्या गोष्टी हुंगत राहा, काहींना फरक पडतो. दीपाली लवंग, लिंबू, आलं आणि सुकट हुंगते. अजून तरी काही नाही. एकदा सुकटीच्या वेळी काहीतरी हललं असं तिला वाटलं. पण ते खरंच नाकात होतं की डोक्यात, ते तिला सांगता आलं नाही, म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. ताटात ती अजूनही लवंगी घेते, दोन. त्याहून जास्त घेतली की ईशा उचलून ठेवते.

परवा बांगडे चांगले मिळाले म्हणून दीपालीने तिखलं केलं. मावशीने चाखून मीठ वाढवायला सांगितलं, बाकी राहू द्या म्हणाली. दुपारची गर्दी ओसरल्यावर ईशा कॉलेजातून आली आणि पान घेऊन बसली. दीपाली समोर बसली.

"कसं झालंय?"

"मस्त," ईशा म्हणाली. मग तिने आईकडे पाहिलं आणि मोबाइल पालथा ठेवला. एक घास घेतला, नीट चावला. "थांब हं. आधी तिखट लागतं, पण लगेच जातं. मग ते तिरफळाचं... जिभेला मुंग्या येतात तसं. हिरवं-हिरवं काहीतरी. आणि मासा गोडसर आहे." ती अडखळली. "मला नाही नीट सांगता येत गं."

"सांग तू," दीपाली म्हणाली. "दुसरा घास घे आणि सांग."

ईशाने दुसरा घास घेतला. जनीमावशी चुलीपाशी भाकरी शेकत होती. तिथूनच ती म्हणाली की शेपटीकडचा तुकडा खा, त्याला रस जास्त मुरलाय.